दगडवाल्या सरांची जीभ

आमच्या जिवाणूंनी प्रयोगशाळेबाहेरच्या पाण्यातलं विष शोधून दाखवलं. आठ वर्षांच्या खटपटीनंतर पहिल्यांदाच, कुणी न सांगता, एका रात्रीच्या प्रवासावरच्या डोंगरात आणि एका सद्गृहस्थाच्या जिभेवर.

असं काही घडलेलं नाही. संचालकांनी तसं लेखी दिलं आहे आणि त्यावर गोल शिक्का आहे. तेव्हा पुढे मी जे सांगतोय ते न घडलेलं आहे, हे धरून चालावं. मीही तसंच धरून चालतो. फक्त रस्त्यात केळ्यांची गाडी दिसली की पलीकडच्या फुटपाथवरून चालतो.

सुरुवात मॅडमच्या घशापासून झाली. सगळ्या शाखांच्या शास्त्रज्ञांचा वर्षातून एकदा मेळावा भरतो. ताऱ्यांवाले, हवामानवाले, आकडेवाले, दगडवाले असे सगळेच विद्वान जमतात, आणि दुसऱ्याच्या विषयात सगळेच ढ असतात. त्यांना सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे काय ते वीस मिनिटांत समजावून सांगायचं काम आमच्या मॅडमकडे होतं. आदल्या दिवशी त्यांचा आवाज बसला. साधासुधा नाही, पूर्ण बसला. त्यांनी मला बोलावलं आणि हातातल्या छोट्या पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहिलं, "तू बोल."

"मॅडम, मला लोकांसमोर घाम फुटतो."

त्यांनी पुसलं आणि लिहिलं, "पुसत बोल."

मला प्रयोगशाळेत सगळे बोळा म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी एका नळीला कापसाचा बोळा लावायला विसरलो होतो. दोन वर्षं झाली, नळी कधीच फेकली, नाव राहिलं.

मॅडमचा जिवाणू म्हणजे तीन ठिकाणांहून आणलेलं सामान. एका जिवाणूकडून घेतलेली बेल, जी पाण्यात आर्सेनिक असलं की वाजते. मातीतल्या दुसऱ्या जिवाणूकडून घेतलेला दिवा, म्हणजे जांभळा रंग. बेल वाजली की दिवा लागतो, पाणी जांभळं होतं, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं की हे प्यायचं नाही. तिसरं सामान यीस्टकडून आणलेलं, पिकलेल्या केळ्याचा वास. तो कामाचा नव्हता. माझ्या आधीच्या मुलीला, जिवाणू जिवंत आहेत की नाहीत हे बघायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचा कंटाळा यायचा, म्हणून तिने घातला. जिवाणू जिवंत तोवर केळं. मेले की वास जातो, रंग तेवढा राहतो.

आमच्या दारावर एकच नियम चिकटवलेला आहे: जिवंत काहीही या दाराबाहेर जाणार नाही. एक पेशी जरी गेली तरी प्रयोगशाळेला सील, आणि फ्रीझरमधलं सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा आडदांड थोरला भाऊ, त्यात गेलेलं काही परत हलत नाही. सगळं म्हणजे मॅडमची आठ वर्षं. त्या आठ वर्षांत त्यांनी दोन घरं बदलली, एक चष्मा हरवला आणि एकही सुट्टी घेतली नाही.

भाषणासाठी दोन नळ्या न्यायच्या होत्या, एक दुधट आणि एक जांभळी, दोन्ही मेलेल्या. नळी मेली हे कसं कळतं? ऑटोक्लेव्हची एक चिकटपट्टी असते. तिला पुरेशी वाफ लागली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. काळे पट्टे म्हणजे मेलं, विषय संपला. आम्ही पट्टी प्रत्येक नळीला लावत नाही, आळस येतो. पूर्ण स्टँडला एकच लावतो. मी सकाळी स्टँड बघितला, पट्टे काळेकुळकुळीत होते. दोन नळ्या उचलल्या आणि निघालो.

पट्टे खरेच होते. फक्त मागच्या मंगळवारचे होते. तो जुना स्टँड मीच आदल्या दिवशी धुऊन पुन्हा वापरायला काढला होता, आणि त्यात ताज्या, जिवंत, पोट भरलेल्या नळ्या मीच ठेवल्या होत्या.

हे मला कळलं ते भाषणाच्या सातव्या मिनिटाला.

तोवर बरं चाललं होतं. सभागृहात एकशे चाळीस माणसं होती आणि पहिल्या रांगेत मॅडम, गळ्याला मफलर, मांडीवर पाटी.

"घड्याळ कसं चालतं हे बघायला बाकीचे जीवशास्त्रज्ञ घड्याळ उघडतात," मी म्हणालो. "आम्ही घड्याळ उघडून त्यात शेजाऱ्याच्या सायकलची घंटा बसवतो आणि चालतंय का बघतो. बहुतेक वेळा चालत नाही. कधीकधी चालतं. तेव्हा ते नेमकं कुठे चाललंय यावर लक्ष ठेवावं लागतं."

लोक हसले. मी घाम पुसला आणि पुढे गेलो. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, हे सांगितलं. पूर्वी तो फक्त वाचता यायचा. आता हवं ते वाक्य संगणकावर टाइप करून मागणी नोंदवली की आठवड्याभरात पोस्टाने पाकीट येतं. पाकिटात बारीक नळी, नळीच्या तळाशी वाळलेला ठिपका. तो ठिपका म्हणजे तुमचं वाक्य. पाण्यात भिजवायचं आणि जिवाणूला द्यायचं. दहा हजारांत एखादा ते आत घेतो आणि तसं वागतो. बाकीचे सरकारी परिपत्रक आल्यासारखे ढिम्म.

"या दोन नळ्यांमधले जिवाणू मेलेले आहेत," असं सांगून मी जांभळी हातात धरली आणि दुधट श्रोत्यांमध्ये फिरायला दिली.

दुसऱ्या रांगेत हवामानवाल्या बाई होत्या. त्यांनी नळी नाकापाशी नेली आणि एकदम खूश झाल्या. "अय्या! केळ्याचा किती छान वास!"

 मी टेबल धरलं. टेबल हलायला लागलं, ते माझ्यामुळे.

मॅडमनी सावकाश मान वळवली. नाक वर केलं. मग पाटीवर काहीतरी लिहून ती छातीशी धरली. "जिवंत???"

मी मान हलवली. होय अशी.

त्यांनी मफलरने पाटी पुसली. "परत घे."

"कृपया नळी मला परत द्याल का," मी माइकमध्ये म्हणालो. माझा आवाज माझ्या आतेबहिणीसारखा आला. पण शास्त्रज्ञाच्या हातात वस्तू गेली की त्याचं समाधान झाल्याशिवाय ती परत येत नाही, आणि त्याचं समाधान कधीच होत नाही. तिसऱ्या रांगेने वास घेतला. चौथ्या रांगेने तिसऱ्या रांगेला "बास की आता" म्हटलं. एकशे चाळीस माणसं लग्नात अत्तर लावून घ्यायला जमल्यासारखी मनगटं पुढे करत होती आणि मी एकटा वर उभा राहून दारं मोजत होतो. चार दारं. चारही उघडी.

तेवढ्यात आकडेवाले सर उठले. संख्याशास्त्रातले मोठे माणूस, चेहऱ्यावर कायम दशांश चिन्ह.

"समजा," ते म्हणाले, "हे तुमचे प्राणी बाहेर निसटले. तर?"

"निसटले तरी जगणार नाहीत, सर. त्यांना एक खास खाऊ लागतो. तो निसर्गात कुठेच मिळत नाही, फक्त आमच्या बरणीत आहे. खाऊ नाही तर दिवसभरात खलास. आम्ही मुद्दामच त्यांना तसं परावलंबी केलंय."

हे मी त्यांना सांगत नव्हतो. मी स्वतःला सांगत होतो आणि ते ऐकत होते.

"सगळे खलास?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे? आम्हीही काही बोळ्याने दूध पीत नाही."

"मजकुराची नक्कल करताना चुका होतात, सर. दहा कोटींत एखादा नेमकी अशी चूक करून बसतो की त्याला खाऊची गरजच उरत नाही."

"एका नळीत किती असतात?"

मी घाम पुसला. आकड्यात खोटं बोलायची आम्हाला सवय नाही. "पाच अब्ज."

आकडेवाल्या सरांनी वर छताकडे पाहिलं. "पन्नास," ते म्हणाले आणि समाधानाने खाली बसले.

पन्नास. एवढा वेळ पाच अब्जांना मी जेमतेम घाबरलो होतो, तो आकडाच अंगाला लागत नाही. पन्नास जण मात्र मला दिसले. एका बसमध्ये मावतात पन्नास जण.

आणि त्याच क्षणी नवव्या रांगेत दगडवाल्या सरांच्या हातात नळी आली.

दगडवाले सर भूगर्भशास्त्रज्ञ. चाळीस वर्षं डोंगरात काढलेली. त्या लोकांची एक जुनी रीत आहे, दगड ओळखायचा तर तो जिभेला लावून बघायचा. खारट आहे का, जिभेला चिकटतो का, दाताखाली कण लागतात का. पाठ्यपुस्तकात ती रीत एका ओळीत असते, सरांच्या आयुष्यात ती रोजची होती. त्यांनी नळी उजेडात धरली. बोळा काढला. करंगळी आत बुडवली.

मॅडम उभ्या राहिल्या. तोंड उघडलं. त्यातून हवा आली.

सरांनी करंगळी चाटली, जरा विचार केला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "गाळ बारीक आहे."

भाषण पुढे कसं संपलं मला माहीत नाही. टाळ्या पडल्या म्हणतात.

नंतर मागच्या व्हरांड्यात आम्ही सरांना गाठलं. मी सगळं सांगितलं, स्टँडसकट, पट्टीसकट. मॅडम पाटीवर भराभर लिहीत होत्या, "चूळ भरा", "हे औषध घ्या", "पुन्हा चूळ".

सरांनी चूळ भरली, दहादा भरली, औषध न बघताच खिशात टाकलं आणि माझ्याच पाठीवर थाप मारली. "अरे बाळा, घाबरतोस काय? मी काय काय चाटलंय ते ऐकलंस तर तुझे जिवाणूच घाबरतील. चला, माझी गाडी आहे. डोंगरात चार दिवसांचं काम आहे."

"सर, ती जांभळी का नाही चाखलीत?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"विषाची? मी काय वेडा आहे?"

ते गेले. मॅडमनी हवामानवाल्या बाईंपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना हात धुवायला लावले, पाटीवर कारण लिहिलं "सभागृहाचा नियम". नळ्या स्वतः ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या आणि पट्ट्यांकडे टक लावून बसून राहिल्या. मग लिहिलं, "सुरक्षा समिती सोमवारी बसते. सोमवारी मी स्वतः सांगणार."

"मॅडम, सील करतील."

त्यांनी नवीन काही लिहिलं नाही. पाटीवरच्या "मी स्वतः सांगणार" या शब्दांखाली रेघ मारली.

घरी गेलो तर टेबलावर अर्धा डझन केळी.

"आई! बाहेर ने ती आधी!"

"अरे, केळी आहेत, बॉम्ब नाहीत."

"बाहेर!"

"आता केळ्यांना भ्यायला लागला," आई बाबांना म्हणाली. "शिकवा अजून विज्ञान."

बाबा पेन्शनच्या कचेरीतून नुकतेच आले होते. दरवर्षी त्यांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, म्हणून त्या दिवशी त्यांचंही डोकं फिरलेलं होतं. "त्या कारकुनासमोर उभा राहिलो, त्याला नमस्कार घातला, त्याचा चहा पडला तो पुसून दिला. तर म्हणतो, ते ठीक आहे, पण तुम्ही हयात आहात याला पुरावा काय?"

मी म्हणालो, "आणि हयात नसल्याचा पुरावा कुठे मिळतो?"

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आईने केळी उचलून शेजारी नेऊन दिली.

चार दिवस मी प्रत्येक गोष्टीचा वास घेत होतो. बसच्या दांड्याचा, लिफ्टच्या बटणांचा, स्वतःच्या उशीचा. वास येत नव्हता, आणि त्याने भीती कमी होत नव्हती. वास न येणं म्हणजे नसणं नव्हे, कमी असणंही असू शकतं. मी विज्ञान शिकलोय, मला फसवणं सोपं नाही.

सोमवारी सकाळी फोन आला. दगडवाल्या सरांच्या घरून, काकूंचा.

"तुम्हीच ना ते बोळा? हे काल डोंगरातून आलेत. तोंडाला केळ्याचा वास येतोय. तेवढं चालेल, एरवी माती आणि तंबाखूचा असतो. पण जीभ जांभळी झालीय हो! मी विचारलं शाई प्यालात का, तर हसतायत."

मी फोन स्पीकरवर टाकला. मॅडम पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. केळं म्हणजे जिवंत. चार दिवस, बरणीबाहेर, खाऊशिवाय जिवंत. पन्नासांपैकी कुणीतरी ती चूक करून बसला होता आणि आता त्याची प्रजा सरांच्या जिभेवर नांदत होती. आणि जांभळा म्हणजे...

"सरांना विचारा," मी ओरडलो, "तिथे पाणी कुठलं प्यायले!"

मागून सरांचा आवाज आला. "झऱ्याचं! काय गोड पाणी! वाडीतले सगळे तेच पितात. दीडशे घरं असतील."

बेल वाजली होती. दिवा लागला होता. जसा लागायला हवा तसा.

मॅडमचा आवाज दोन दिवसांपूर्वीच थोडा सुटला होता, पण त्या पाटीच जवळ करत होत्या. आता त्यांनी पाटी खाली ठेवली. खरखरीत, फाटक्या आवाजात एकच शब्द बोलल्या. "चाललं."

दोन वर्षांत त्यांना असं हसताना आणि असं घाबरताना मी पाहिलं नव्हतं. दोन्ही एकाच चेहऱ्यावर होतं, आणि एकालाही जागा पुरत नव्हती.

सुरक्षा समितीचे अध्यक्ष संचालकच, त्यांच्यासमोर त्या उभ्या राहूनच बोलल्या. काहीही लपवलं नाही. मी मध्ये म्हणालो, "स्टँड माझा होता," तर संचालकांनी हात वर केला. ते शांत माणूस आहेत. त्यांनी पेन्सिलीने टेबलावर तीनदा टकटक केलं.

"हे घडलं असेल," ते म्हणाले, "तर प्रयोगशाळेला सील, फ्रीझर रिकामा, आणि हा जिवाणू पुन्हा कुणी बनवू शकणार नाही. बरोबर?"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या.

"घडलं नसेल, तर तो झरा विषारी आहे हे आपल्याला माहीत असायचं कारण नाही. बरोबर?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"मग असं करू. झऱ्याचं पाणी आज साध्या रासायनिक तपासणीला पाठवा. कारणाच्या रकान्यात लिहा, सहज. आणि बाकीचं घडलेलं नाही."

"सर, पण ते जिवंत आहेत. बाहेर आहेत."

"कोण?" संचालक म्हणाले.

पाण्यात मर्यादेच्या सहापट आर्सेनिक निघालं. झऱ्यावर पत्रा ठोकला, वाडीला दुसरीकडून पाणी आलं. दीडशे घरांमधलं कुणी आम्हाला ओळखत नाही, आणि ते ठीकच आहे. अहवालात मॅडमच्या जिवाणूचं नाव नाही. मॅडमच्या आठ वर्षांचं फळ "सहज" या एका शब्दात मावलं. सरांना औषधं दिली. पाचव्या दिवशी जीभ गुलाबी झाली आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे तोंडाला पूर्वीचा, ओळखीचा, वाईट वास आला. तपासणीत एकही पेशी सापडली नाही.

पण डोंगरात त्या चार दिवसांत सरांनी एकतीस दगड चाटले होते.

आम्ही तिघं गेलो. मॅडम, मी आणि सर, खांद्यावर ब्लीचच्या बाटल्या. सरांनी वहीत प्रत्येक दगडाची जागा लिहून ठेवली होती, माणूस शिस्तीचा. आम्ही एकेक दगड गाठायचा, हुंगायचा, ब्लीचने पुसायचा आणि वहीत खूण करायची. वरच्या कड्यावर एक गुराखी बराच वेळ आमच्याकडे बघत बसला. तीन सुशिक्षित माणसं दगड हुंगून पुसतायत. त्याने शेवटी गुरंच दुसरीकडे नेली.

तीस दगड झाले. वहीत एकतीस या आकड्यासमोर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हा कुठला?" मॅडमनी विचारलं.

सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तो असाच. चालता चालता. कामाचा नव्हता, नुसता दिसला छान."

आम्ही खाली बघितलं. दरी दगडांनी भरलेली होती. वारा वर येत होता. मी नाक वर केलं आणि मला वाटलं की आला. मग वाटलं नाही आला. मॅडमकडे पाहिलं, तर त्यांचंही नाक वर होतं.

परत आल्यावर मी पुढील अर्ज केला. पोच मिळाली आहे.

"प्रति, मा. संचालक. विषय: न घडलेल्या घटनेतील जिवाणूंच्या दाखल्यांबाबत. महोदय, आपल्या पत्रान्वये सदर घटना घडलेली नाही याची नोंद घेतली आहे. तथापि तीत सहभागी पन्नास जिवाणूंचा सध्याचा पत्ता कार्यालयात उपलब्ध नाही. त्यांपैकी काही एकतिसाव्या दगडावर वास्तव्यास असण्याची शक्यता असून सदर दगडाचाही पत्ता उपलब्ध नाही. अर्जदारास केळी खाता येत नाहीत. तरी वरील पन्नास जण हयात नसल्याचा दाखला, प्रत्येकी एक, सहीशिक्क्यानिशी, शक्यतो त्यांची संख्या वाढण्यापूर्वी मिळावा, ही नम्र विनंती."